आधी कोणाकडे जाल, सिस्टर?

मिरजेत एकही सिस्टर राहत नाही अशी गल्ली शोधावीच लागेल. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, पाठोपाठ नर्सिंगचे शिक्षण आले, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत हे दवाखान्यांचे गाव झाले. सुरुवातीला या पेशात ख्रिस्ती मुली अधिक असत. मग सगळ्याच समाजांतून येऊ लागल्या. मुस्लिम घरांतून थोड्या उशिराच आल्या, कारण नाईट ड्युटीचे नाव काढले की घरात वाद सुरू व्हायचा. तो वाद आता मागे पडला आहे. त्याच्या जागी नवा आला आहे: मुलीने एनक्लेक्स द्यावी का?

हा शब्द ज्यांच्या कानावर आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना मिळण्यासाठीची परीक्षा. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची परीक्षा पास झाली की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, परवान्यासाठी वेगळी परीक्षा नसते. अमेरिकेत तसे नाही. तिथल्या कॉलेजातून पहिली आलेली मुलगी असो की मिरजेतून गेलेली, परवान्याची परीक्षा दोघींना एकच. २०१५ पासून कॅनडानेही हीच परीक्षा घेतली आहे आणि ऑस्ट्रेलियाही बाहेर शिकलेल्या अनेक परिचारिकांना हीच द्यायला लावतो. परीक्षा द्यायला अमेरिकेत जावे लागत नाही, मुंबईत केंद्र आहे.

यंदाच्या रमजानमध्ये आमच्या गल्लीतल्या एका मुलीची ही परीक्षा होती. नाव देत नाही, तिलाही ते नको आहे. वय सत्तावीस, जीएनएम, सहा वर्षे खासगी रुग्णालयांत, त्यांतली चार अतिदक्षता विभागात. घरी अम्मी, अब्बा, दादी आणि शिकणारा भाऊ. पगाराचा आकडा तिने सांगितला, तो मी लिहीत नाही. एवढेच सांगते, की सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये अगदी लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये अशी शिफारस केली होती, आणि छोट्या शहरांतल्या कित्येक सिस्टर आजही तो आकडा दुरूनच पाहतात. त्यामुळे मुली बाहेर का बघतात, हा प्रश्न मला पडत नाही. किती तयारी करून बघतात, ते मात्र मला ठाऊक नव्हते.

अभ्यासाच्या आधी कागद येतात, आणि कागदांत सर्वांत चिवट गोष्ट म्हणजे नाव. परीक्षेच्या दारात पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि अर्जातले नाव त्याच्याशी अक्षरशः जुळावे लागते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे. मुस्लिम घरांत त्यात आणखी भर: एका कागदावर ‘शेख’ पुढे, दुसऱ्यावर मागे, कुठे ‘बानो’ लागलेले, कुठे गळलेले, आणि इंग्रजी स्पेलिंग ज्या त्या कारकुनाच्या मर्जीचे. लग्नानंतर नाव बदललेल्या हिंदू मैत्रिणींचीही हीच रड. या मुलीचे पाच महिने त्यात गेले. मग शिक्षणाच्या कागदांची तपासणी, कोणत्या राज्याकडे अर्ज करायचा ते ठरवणे, आणि पैसे. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्रात बसायचे तर आणखी १५०. म्हणजे तीस हजारांच्या घरात, आणि यात कागद तपासणीचा व राज्याच्या अर्जाचा खर्च धरलेला नाही. नापास झाल्यास किमान ४५ दिवस थांबून पुन्हा फी भरायची. एका महिन्याच्या पगारापेक्षा मोठा डाव एका सकाळी लावायचा, हे त्या घराला नीट समजलेले होते.

आता परीक्षेबद्दल. १९९४ पूर्वी ती कागदावर, दोन दिवस चालायची. तेव्हापासून ती संगणकावर आली आणि तिचा स्वभावच बदलला. सगळ्यांना सारखी प्रश्नपत्रिका नसते. तुम्ही बरोबर उत्तर दिले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलात की थोडा सोपा. असे करत करत यंत्र तुमची पातळी शोधत राहते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. ही व्यक्ती किमान पातळीच्या वर आहे की खाली, याबद्दल यंत्राची ९५ टक्के खात्री झाली की ते मध्येच थांबते. प्रश्न सोडता येत नाही, मागे जाता येत नाही. त्यामुळे गंमत अशी, की हुशार मुलीलाही बाहेर पडताना आपण निम्मे चुकलो असेच वाटते, कारण तिला तिच्या कुवतीच्या टोकावरचेच प्रश्न मिळत राहतात. शाळेपासून ‘पेपर सोपा गेला’ म्हणून आनंदाने घरी येणाऱ्या आपल्या पोरींना हे पचवणे जड जाते.

पण खरा फरक प्रश्नांत आहे. तिने मला एक नमुना सांगितला, तिच्या शब्दांत देते. चार रुग्ण आहेत. पहिल्याचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे, दुखणे दहापैकी आठ. दुसरा मधुमेही, साखर २४०, जेवणाआधीचे इन्सुलिन द्यायचे राहिले आहे. तिसरा दम्याचा, तासाभरापूर्वी छातीत शिट्टीसारखा आवाज येत होता, आता आवाज थांबला आहे आणि तो पेंगुळला आहे. चौथ्याला न्यूमोनिया, ताप १०२.

“आधी कोणाकडे जाल, खाला?”

मी म्हटले, जो ओरडतोय त्याच्याकडे. बहुतेक वाचकही हेच म्हणतील, आणि खरे तर आपल्या वॉर्डांतही तसेच घडते. ज्याचे नातेवाईक मोठ्याने बोलतात त्याच्याकडे सिस्टर आधी पळते. उत्तर तिसरा. दमेकऱ्याच्या छातीतला आवाज थांबला आणि तो पेंगू लागला, तर बरे वाटते आहे असे समजायचे नाही. हवा आत जाणेच बंद होत आले आहे. वेदना असह्य असतात, पण त्या माणसाचा श्वास चालू आहे. गप्प झालेला माणूस चारांत सर्वांत जवळ मृत्यूच्या आहे.

या परीक्षेचे बरेचसे प्रश्न याच जातीचे. रोगाची व्याख्या, औषधाचे पाठ केलेले उपयोग यांना फारसे गुण नाहीत. रुग्णात काय बदलले, त्याचा अर्थ काय, त्यात सर्वांत घातक काय, आत्ता काय करायचे आणि केल्यानंतर उपयोग झाला का. एप्रिल २०२३ पासून परीक्षेला नवे रूप दिले, त्यात तर रुग्णाची नोंदवहीच पडद्यावर उघडते. सकाळची नाडी, दुपारचा रक्तदाब, सिस्टरची टिपणे, तपासण्या. त्यावर एकापाठोपाठ सहा प्रश्न. अशा तीन केस प्रत्येकीला सोडवाव्या लागतात.

आमच्या या मुलीचे म्हणणे असे, की अवघड इंग्रजी नाही, अवघड आहे ते ‘तुम्ही ठरवा’ हे वाक्य. डिजॉक्सिन नावाचे हृदयाचे औषध आहे. ते देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, आणि मोठ्या माणसात ते साठच्या खाली असतील तर औषध रोखून डॉक्टरांना कळवायचे. हे आपल्या पुस्तकातही आहे. पण वॉर्डात केस पेपरवर डॉक्टरांची सही असते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, आणि फोन केला तर “लिहिलंय ना?” असे ऐकून घ्यावे लागते. सहा वर्षांत तिने किती वेळा फोन केला आणि किती वेळा इन्चार्ज सिस्टरकडे बघून गप्प राहिली, हे तिने मला सांगितले नाही, मी विचारलेही नाही. परीक्षेत मात्र ‘डॉक्टरांनी लिहिले आहे म्हणून दिले’ हे उत्तर हमखास चुकीचे.

कामाची वाटणी हाही असाच एक भाग. तिथे रजिस्टर्ड नर्स, तिच्या हाताखाली लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, मग मदतनीस. स्थिर रुग्णाची आंघोळ, भरवणे, ताप-नाडी मदतनिसाला देता येते. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणे आणि निर्णय हे नर्सचेच. आपल्याकडे आंघोळ आणि भरवणे नातेवाईक करतात, बाकीचे अर्धे वॉर्डातल्या मावशी आणि मामा, आणि सिस्टर कागद भरत असते. हा धडा तिला कोरा शिकावा लागला.

आणि बोलणे! रुग्ण म्हणतो, “सिस्टर, मी यातून उठेन असं वाटत नाही.” आपण सगळे काय म्हणतो? “असं बोलू नये, काही होणार नाही, देवावर भरोसा ठेवा.” आमच्याकडे “अल्लाह खैर करेगा” म्हणतात. मायेने म्हणतात, त्यात खोट नाही. परीक्षेत हे सपशेल चूक, कारण याने समोरच्याचे तोंड बंद होते. बरोबर उत्तर साधारण असे: “तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते आहे?” म्हणायचे आणि मग ऐकून घ्यायचे. तिने हे मोठ्याने वाचले तेव्हा दादी म्हणाली, “एवढं विचारायला तिकडे जायला कशाला पाहिजे?” यावर कुणालाच उत्तर सुचले नाही. मला तर वाटते, ही परीक्षा पास होऊन एकही मुलगी मिरजेबाहेर गेली नाही तरी मिरजेतल्या रुग्णांचे भलेच होईल.

काही गोष्टींनी मात्र हसू येते. नैराश्यावरच्या एका जुन्या गटातल्या गोळ्या चालू असतील तर मुरवलेले चीज वर्ज्य, हे पाठ करायचे. तिने मुरवलेले चीज जन्मात पाहिलेले नाही. त्याच पुस्तकात ज्यू रुग्णाचे कोशर जेवण होते, रक्त घ्यायला नकार देणारा ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाचा रुग्ण होता, आणि दोन पाने पुढे रमजानमध्ये रोजा ठेवू इच्छिणारा मधुमेही मुसलमान! स्वतःच्या घरातला माणूस चार पर्यायांसह समोर आल्यासारखे तिला झाले. उत्तर शोधताना तिने अब्बांची गोळ्यांची डबी काढली. मधुमेहींच्या रोजासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे, की साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, इफ्तारला दहा मिनिटे राहिली असली तरी. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. डोस आणि वेळा मात्र रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायच्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले तर साखरेचे पाणी आधी आणि चर्चा नंतर. हे सगळे अब्बांनी वीस वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकून घेतले, कारण ‘अमेरिकेच्या परीक्षेत येतं’.

रमजानमध्ये अभ्यास कसा होतो, हे मुस्लिमेतर वाचकांना कुतूहलाचे वाटेल. खरे सांगायचे तर दिवसाच्या रोजाचा तितका त्रास होत नाही, झोपेचा होतो. तरावीहची नमाज संपवून घर झोपेपर्यंत अकरा वाजतात, सहेरीला पुन्हा चारच्या आत उठायचे. त्यात आठवड्याला नाईट ड्युट्या. ड्युटी असली की सहेरी डब्यातून, वॉर्डातच, तिच्याबरोबरची सिस्टर तेवढी पंधरा मिनिटे दोघींचे बेड बघते. या तिघी मैत्रिणी. एक मिशन कंपाउंडमधली ख्रिस्ती, एक कुपवाडची, घरी अंबाबाईचे नवरात्र असणारी. तिघींनी ठरवले की सहेरीनंतर पाच ते साडेसहा फोनवर प्रश्न सोडवायचे. कुपवाडची मैत्रीण रोजा नसताना पहाटेचा गजर लावायची. तिच्या सासूला वाटले, सुनेने कसले व्रत धरले. रोज ७५ प्रश्न, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नामागे वहीत एक ओळ: उत्तर का चुकले. माहिती नव्हती, की प्रश्न घाईने वाचला, की भीतीने बरोबर उत्तर बदलले. महिन्याभरात दिसले की तिच्या चुकांत तिसरा प्रकार सर्वांत जास्त. परीक्षेत मागे जाता येत नाही, त्यामुळे ही सवय मोडणे म्हणजे निम्मी तयारी.

परीक्षेची तारीख रमजानमध्ये आली, कारण परवानगीपत्राची मुदत संपत होती. मग घरात प्रश्न: त्या दिवशी रोजा ठेवायचा का? दादी म्हणाली ठेवायचा, दुआ कबूल होते. अम्मी म्हणाली पाच तास डोके चालवायचे आहे, नको. तिने मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मला फार नेमके वाटले. परीक्षा हे रोजा सोडण्याचे कारण नाही, पण प्रवास आहे. आजारी आणि मुसाफिर यांना कुरआननेच सवलत दिली आहे, सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. मिरजेहून मुंबईला जाणारी मुलगी मुसाफिर आहे. ठेवला तर चालतो, नाही ठेवला तर गुन्हा नाही. ठरवायचे तिने.

त्याच संध्याकाळी बोलताना मी तिला हजरत रुफैदा यांची आठवण दिली. इस्लामी परंपरेत पहिल्या परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतात. मदिनेच्या मशिदीत त्यांचा तंबू असे, आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवले होते. ती म्हणाली, “त्यांनाही ठरवावंच लागलं असेल ना खाला, आधी कोणाकडे जायचं.”

परीक्षेच्या दोन दिवस आधी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने ती निघाली, कुर्ल्याला मोठ्या खालाकडे उतरली. परीक्षेच्या दिवशी रोजा ठेवला नाही. सकाळी अंडे-पाव खाऊन निघाली, दादीला फोनवर तसे सांगितलेही.

केंद्रावर सगळे सामान लॉकरमध्ये, घड्याळसुद्धा. पासपोर्ट, फोटो, सही, आणि तळहाताच्या शिरांचा स्कॅन. डोक्यावरची ओढणी धार्मिक कारणाची म्हणून चालली, पण तपासून. आत पुसता येणारी पाटी आणि पेन मिळते, कागद नाही. शेजारच्या खुर्चीवरचा कदाचित दुसरीच कसली परीक्षा देत असतो. दोन तासांनी विश्रांती घ्यायची मुभा असते, पण घड्याळ चालूच राहते. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. ८५वा प्रश्न झाला आणि यंत्र थांबले नाही. या आकड्याभोवती मुलींमध्ये अनेक दंतकथा आहेत, थांबले तर पास, चालू राहिले तर गेलेच. दोन्ही खोटे. ८५ला पासही होतात आणि नापासही. चालू राहिले याचा अर्थ इतकाच की यंत्राचे मत अजून पक्के नाही. तिचा पडदा ११२व्या प्रश्नानंतर कोरा झाला. शेवटचा प्रश्न कुठला होता, ते तिला आठवत नाही.

बाहेर पडून तिने कुणालाच फोन केला नाही. दोन दिवसांनी ७ डॉलर ९५ सेंट भरून निकाल कळतो. परतीच्या गाडीनंतरच्या रात्री ती ड्युटीवर होती. पहाटे सहेरीच्या सुमारास कुपवाडच्या मैत्रिणीने फोनवर निकाल उघडून दाखवला. पास. दोघी औषधाच्या खोलीत रडल्या आणि मग सहाच्या नोंदी करायला बाहेर आल्या.

आता इतर मुलींच्या आईवडिलांसाठी दोन शब्द. पास होणे म्हणजे विमान नव्हे. इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन नावाचे प्रमाणपत्र, आणि भारतात जन्मलेल्यांची अमेरिकी व्हिसाची कित्येक वर्षांची रांग पुढे उभी असते. या रांगेवर धंदा करणारे खूप. पास करून देतो म्हणणारा, तुमच्या जागी बसवतो म्हणणारा, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा, यांच्या दारातून परत फिरावे. फसवणूक फक्त आपल्याकडे होते असेही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतच फ्लोरिडातल्या काही संस्थांनी ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका विकल्याचे उघडकीस आले. करार नीट वाचावा, बॉन्ड किती वर्षांचा आणि मोडला तर किती पैसे, ते सही करण्याआधी विचारावे. आखातातल्या परीक्षा वेगळ्या, एकीची तयारी दुसरीला आपोआप चालत नाही.

तिचे अजून इथेच चालू आहे, तीच नाईट ड्युटी. परवाच्या रात्री एका वृद्धाचे ठोके ५४ भरले, तिने औषध रोखले आणि फोन लावला. डॉक्टर आधी वैतागले, मग म्हणाले, “बरं केलंत. सकाळी ईसीजी काढा.” ईदनंतर मिशन कंपाउंडमधल्या मैत्रिणीची तारीख आहे. तिच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव एका अक्षराने वेगळे निघाले आहे, त्यासाठी दोघी येत्या सोमवारी कोल्हापूरला जाणार आहेत.